विम्याच्या कचेरींतील संगीतकार : चार्ल्स आइव्ज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कनेक्टिकट संस्थानांत वेस्ट रेडिंग नांवाचें एक खेडें आहे. तेथील एका घराच्या आवारांतील कोठारांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्वरलेखनाच्या कागदांचे गठ्ठे वर्षानुवर्षें पडून होते. कांहीं पानें शाईनें, तर पुष्कळशीं शिसपेनीनें लिहिलेलीं. एका कृतीच्या पाठीवर दुसऱ्याच कृतीचा आरंभ. समासांत कोठें एखादा पत्ता, कोठें टेलिफोनचा नंबर, तर कोठें एखाद्या टीकाकारावर रागारागानें ओढलेला शेरा. हीं पानें लिहिणारा गृहस्थ न्यूयॉर्क शहरांतील एका मोठ्या विमा एजन्सीचा भागीदार होता. आपले धनी संगीत रचतात हें त्याच्या कचेरींतील पुष्कळ माणसांना ठाऊकही नव्हतें. आज तोच गृहस्थ अमेरिकेंतील आधुनिक संगीताचा पहिला मोठा रचनाकार गणला जातो; आणि त्या पानांवरील तारखा खऱ्या कीं खोट्या, ह्या एका प्रश्नावर विद्वानांत मोठा वाद माजून गेला. त्या वादाची हकीकत मला त्याच्या चरित्राइतकीच चित्तवेधक वाटते, म्हणून दोन्ही येथें एकत्रच सांगतों.

चार्ल्स एडवर्ड आइव्ज याचा जन्म ता. 20 ऑक्टोबर 1874 रोजीं त्याच संस्थानांतील डॅनबरी गांवीं झाला. डॅनबरी त्या काळीं हॅटच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध होतें. आइव्ज घराणें गांवांतील जुनें, प्रतिष्ठित व व्यापारांत मुरलेलें. गांवची पेढी स्थापण्यांतही त्याचा हात होता. अशा घराण्यांतील जॉर्ज आइव्ज हे मात्र व्यापाराकडे न वळतां संगीताच्या मार्गास लागले. अमेरिकेंतील यादवी युद्धांत (1861–1865) अगदीं कोवळ्या वयांत ते उत्तरेच्या सैन्यांतील एका बँडचे प्रमुख झाले होते. युद्धानंतर गांवीं परत येऊन त्यांनीं बँड चालविले, गायकवर्ग तयार केले, मुलांना वाद्यें शिकविलीं. मिरवणुकीच्या दिवशीं लोक त्यांच्या बँडमागून आनंदानें चालत. पण संगीत हा कांहीं कर्त्या पुरुषाचा धंदा नव्हे, असेंच गांवाचें मत होतें. संसार चालेना म्हणून अखेरीस जॉर्ज यांना पेढींत नोकरी धरावी लागली. मुलानें हें सर्व पाहिलें होतें, आणि त्याच्या पुढील आयुष्यांतील बरींचशीं कोडीं येथेंच उलगडतात.

जॉर्ज आइव्ज यांचे कान विलक्षण चौकस होते. नियम शिकविण्यांत ते कडक असत. बाखच्या रचना मुलाकडून नीट घटवून घेत. पण नियम पक्के झाल्यावर त्यांच्या पलीकडे काय आहे तें ऐकण्यास त्यांची ना नसे. मुलाला ते एका पट्टींत गाणें म्हणावयास लावीत आणि स्वतः दुसऱ्याच पट्टींत साथ करीत. कानाला ताण बसून तो बळकट व्हावा, हा त्यांचा हेतु. दोन बँड दोन दिशांनीं दोन निराळ्या चाली वाजवीत एकमेकांजवळून गेले म्हणजे कसला नाद उठतो, हें ते मुद्दाम ऐकत. पियानोच्या दोन शेजारच्या स्वरांमध्यें जे बारीक स्वर दडलेले असतात ते ऐकूं यावेत म्हणून त्यांनीं एका चौकटीवर वीसपंचवीस तारा ताणून एक यंत्र केलें होतें. बावीस श्रुतींची चर्चा कानांवरून गेलेल्या आमच्या वाचकांस यांत फारसें नवल वाटणार नाहीं. डॅनबरीच्या लोकांना मात्र हें वेडच वाटे. लहानगा चार्ल्स पियानोवर दोन्ही मुठींनीं नगाऱ्याचे ठोके वाजवूं लागला, तेव्हां वडिलांनीं त्याला न रागावतां नगारा शिकण्यासाठीं गांवांतील एका न्हाव्याकडे पाठविलें. न्हावी पूर्वीं बँडांत नगारा वाजवीत असे, आणि दुकानांतच धडा होई.

त्या प्रांतांत उन्हाळ्यांत मोकळ्या जागीं मोठ्या उपासनासभा भरत. शेतकरी, कारागीर, त्यांच्या बायका आणि मुलें मिळून स्तोत्रें गात, आणि जॉर्ज आइव्ज कॉर्नेट वाजवून त्यांना सांवरून धरीत. त्या मंडळींत एक गवंडी होता. तो अत्यंत बेसूर पण सर्व जीव ओतून गाई. कोणी त्याची तक्रार केली म्हणजे जॉर्ज सांगत कीं, त्याच्या तोंडाकडे पाहा. नुसत्या आवाजाकडे फार लक्ष द्याल तर त्यांतील संगीत हुकेल. ही शिकवण चार्ल्सच्या मनांत जन्मभर राहिली. पुढें त्याच्या रचनांत जे खडबडीत, एकमेकांवर आदळणारे स्वर लोकांना असह्य झाले, त्यांत त्या सभेंतील हजार गळ्यांचा आवाज आहे हें फार थोड्यांना कळलें.

चौदा वर्षांचा असतांना, 1889 सालीं, चार्ल्स गांवच्या एका मंदिरांत पगारी ऑर्गनवादक झाला. बोटें चांगलीं तयार होतीं, तरी संगीताची त्याला थोडी लाजच वाटे. इतर मुलें मैदानावर असतांना आपण पियानोशीं बसतों, हें त्याला खुपे. काय वाजवतोस असें कोणी विचारलें, तर तो वाद्याचें नांव न सांगतां बेसबॉलच्या खेळांतील आपली जागा सांगून मोकळा होई. खेळांत तो खरोखरच तरबेज होता. ऑर्गनवादकाच्या बांकावरून उठून तो सरळ मैदानावर जाई. सतरा वर्षांचा असतांना त्यानें ‘अमेरिका’ ह्या देशभक्तिपर गीताच्या चालीवर ऑर्गनसाठीं एक रचना केली. ती ऐकतांना विद्यार्थी अजूनही हंसतात, आणि त्यानेंही तें हंसण्यासाठींच लिहिलें असावें. तिच्यांतील दोन मधल्या तुकड्यांत दोन हात दोन निराळ्या पट्ट्यांत वाजतात. ह्या दोन तुकड्यांकडे आपणांस पुढें पुन्हां वळावें लागेल.

1894 च्या शरदऋतूंत चार्ल्स येल विद्यापीठांत दाखल झाला, आणि थोड्याच आठवड्यांत, ता. 4 नोव्हेंबर रोजीं, त्याचे वडील अकस्मात् वारले. त्यांचें वय अवघें एकूणपन्नास होतें. हा घाव चार्ल्सच्या मनांतून कधींच भरून आला नाहीं. येलमध्यें त्याला होरेशिओ पार्कर हे गुरु लाभले. पार्कर जर्मनींत शिकलेले, कसलेले, शिस्तीचे संगीतज्ञ. शिष्याच्या वहींतील दोन दोन पट्ट्यांचे खेळ त्यांना बिलकूल आवडले नाहींत. आइव्ज यांनीं पुढें पार्करांबद्दल जरा कडवटपणें लिहिलें आहे. पण माझ्या मतें तो कडवटपणा पुरता न्याय्य नाहीं. मोठी सिंफनी कशी बांधावी हें त्यांना शिकविलें तें पार्करांनींच. वडिलांवरील प्रेमापोटीं दुसऱ्या गुरूचें ऋण थोडें कमी लेखलें गेलें, एवढेंच.

1898 मध्यें पदवी घेतल्यावर आइव्ज न्यूयॉर्कला आले आणि आठवड्यास पांच डॉलर पगारावर एका विमा कंपनीच्या हिशेबखात्यांत कारकून झाले. संगीतावर पोट भरावयाचें नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला होता. बायकामुलें असलेल्या माणसानें आपल्या विसंवादी स्वरांपायीं त्यांना उपाशी कां ठेवावें, असा त्यांचा विचार. आणि पोटासाठीं लिहूं लागलें म्हणजे गिऱ्हाइकाला रुचेल तेंच लिहावें लागतें, हेंही त्यांनीं ओळखलें होतें. रविवारीं ऑर्गनवादकाची नोकरी कांहीं वर्षें चालू होती. 1902 च्या एप्रिलमध्यें त्यांची एक मोठी गायनकृति मंदिरांत गाइली गेली. वर्तमानपत्रांनीं सौम्य स्तुति केली. त्यानंतर लवकरच त्यांनीं ती नोकरी सोडली आणि पुन्हां कधीं धरली नाहीं. जातांना आपल्या रचनांचे कांहीं कागद त्यांनीं तेथेंच ठेवले, आणि पुढें ते फेकून देण्यांत आले.

विम्याच्या धंद्यांत मात्र त्यांचा उत्कर्ष झाला. 1905 मध्यें न्यूयॉर्कच्या कायदेमंडळानें विमा कंपन्यांची चौकशी करून त्यांतील लबाड्या उजेडांत आणल्या होत्या, व ह्या धंद्यावरील लोकांचा विश्वास उडाला होता. अशा वेळीं आइव्ज आणि त्यांचे मित्र ज्युलियन मायरिक यांनीं भागीदारी केली. 1909 पासून ती ‘आइव्ज आणि मायरिक’ या नांवानें चालली. आइव्ज यांनीं एजंटांसाठीं शिकवणीचे वर्ग काढले, आणि एखाद्या कुटुंबाच्या खऱ्या गरजेइतका विमा किती, हें ठरविण्याची हिशेबाची रीत एका पुस्तिकेंत मांडली. विधवा व पोरकीं मुलें रस्त्यावर पडूं नयेत, हा त्यांना निव्वळ व्यापार वाटत नसे. 1929 सालीं ह्या एजन्सीनें एका वर्षांत सुमारें 4 कोटी 90 लक्ष डॉलरांचे नवे विमे उतरविले. देशांतील अत्यंत मोठ्या एजन्सींत तिची गणना होती.

मग संगीत केव्हां होई? सायंकाळीं, रविवारीं, सुट्टींत, आगगाडींत. 1902 ते 1918 ह्या सोळा वर्षांत कचेरीचें काम संभाळून त्यांनीं जें लिहिलें त्याचा पसारा पाहिला म्हणजे मन थक्क होतें : सिंफनी, व्हायोलिनचे सोनाटा, पियानोचे सोनाटा, गीतें, वाद्यवृंदाच्या मालिका. ऐकणारा मात्र कोणी नव्हता. 1914 सालीं एका नामांकित व्हायोलिनवादकाला त्यांनीं आपला सोनाटा वाजवून पाहण्यास बोलाविलें. पहिल्याच पानाशीं तो अडला, चिडला, आणि कानांवर हात ठेवून बाहेर पडला. अशा प्रसंगानंतर आइव्ज यांना स्वतःच्याच कानाची शंका येई. आपल्याच ऐकण्यांत कांहीं दोष आहे काय, असें ते स्वतःस विचारीत.

1908 च्या जूनमध्यें त्यांचा विवाह हार्मनी ट्विचेल यांच्याशीं झाला. ह्या बाई शिक्षण घेतलेल्या परिचारिका होत्या. त्यांचे वडील रेव्हरंड जोसेफ ट्विचेल हे हार्टफर्ड येथील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक असून सुप्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांचे जिवलग मित्र होते. येथें आमच्या वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1813 सालीं मुंबईंत आलेल्या आणि पुढें अहमदनगरास स्थिरावलेल्या अमेरिकन मराठी मिशनला माणसें आणि पैसा मुख्यतः न्यू इंग्लंडच्या ह्याच काँग्रिगेशनल मंडळ्यांतून मिळत असे. त्यामुळें आइव्ज यांच्या रचनांतून ज्या स्तोत्रांच्या चाली डोकावतात त्यांतील कित्येक आमच्या मंदिरांतही मराठी शब्दांत गाइल्या जातात. त्यांच्या तिसऱ्या सिंफनीचें नांवच ‘उपासनासभा’ असें आहे. ती ऐकत असतां मध्येंच एखादी ओळखीची चाल अर्धीमुर्धी, धुक्यांतून आल्यासारखी ऐकूं येते, आणि पूर्ण होते ती शेवटींच. हार्मनीबाईंना ह्या संगीतांतील सर्व कांहीं कळत होतें असें नाहीं. पण तुम्ही जरा गोड लिहा, असें त्यांनीं पतीला कधींही म्हटलें नाहीं. ह्या गोष्टीचा आइव्ज यांनीं कृतज्ञतेनें उल्लेख करून ठेवला आहे. त्यांना मूल झालें नाहीं. त्यांनीं एडिथ नांवाची मुलगी दत्तक घेतली.

त्यांच्या संगीताचें मूळ कोठें होतें हें दाखविणारा एक प्रसंग येथें सांगितलाच पाहिजे. ता. 7 मे 1915 रोजीं जर्मन पाणबुडीनें लुसिटानिया हें प्रवासी जहाज बुडविलें, आणि सुमारें 1,200 माणसें प्राणांस मुकलीं. ती बातमी न्यूयॉर्कमध्यें पसरली त्या दिवशीं सायंकाळीं आइव्ज कचेरींतून निघून हॅनोव्हर चौकांतील उंचावरच्या रेल्वेस्टेशनवर उभे होते. फलाटावर गर्दी दाटलेली. कोणी कोणाशीं बोलेना. खालीं रस्त्यावर कोणी हातानें फिरवावयाची वाजंत्रीपेटी वाजवीत होता, आणि तिच्यांतून मरणापलीकडील भेटीचें एक जुनें स्तोत्र निघत होतें. फलाटावरील एका मजुरानें त्या सुरांत सूर मिळविला, मग दुसऱ्यानें, मग एका सावकारानें, आणि पाहतां पाहतां सगळा फलाट गाऊं लागला. कोणी हंसलें नाहीं, कोणी लाजलें नाहीं. गाडी आली, माणसें आंत शिरलीं, आणि गाणें हळूहळू विरून गेलें. आइव्ज यांनीं ह्या प्रसंगावर वाद्यवृंदाच्या दुसऱ्या मालिकेचा शेवटचा भाग रचला. त्यांत आरंभीं शहराचा अस्पष्ट गोंगाट आहे, आणि त्यांतून ती चाल अशी वर येते कीं ऐकणाऱ्याचा कंठ दाटून यावा.

1918 च्या ऑक्टोबरमध्यें त्यांना हृदयविकाराचा जबर झटका आला. उरलेलें आयुष्य किती हें ठाऊक नाहीं, असें पाहून त्यांनीं लिहिलेलें नीट लावण्यास घेतलें. ‘काँकर्ड सोनाटा’ ही पियानोची प्रचंड कृति त्यांनीं स्वखर्चानें छापली. तिचे चार भाग काँकर्ड गांवीं राहिलेल्या लेखकांच्या नांवांचे आहेत : इमर्सन, हॉथॉर्न, ऑलकॉट कुटुंब आणि थोरो. हा थोरो म्हणजे ज्याचा कायदेभंगावरील निबंध महात्मा गांधींनीं वाचला होता तोच. एके ठिकाणीं पियानोचे पुष्कळ स्वर एकदम दाबण्यासाठीं पावणेपंधरा इंच लांबीची लांकडी पट्टी वापरावी अशी सूचना आहे! 1922 मध्यें 114 गीतांचें पुस्तक निघालें. दोन्ही पुस्तकें त्यांनीं अनोळखी वादकांना, ग्रंथालयांना, जो मागेल त्याला फुकट पाठविलीं. बहुतेकांनीं तीं बाजूस ठेवलीं. कांहींनीं उपहासाचीं पत्रें लिहिलीं.

सुमारें 1926 सालीं एके दिवशीं ते वरच्या खोलींतून डोळ्यांत पाणी आणून खालीं आले, आणि आतां मला रचतां येत नाहीं, कांहींच बरोबर वाटत नाहीं, असें त्यांनीं पत्नीला सांगितलें. त्यानंतर नवी मोठी रचना झाली नाहीं. 1930 च्या आरंभीं प्रकृतीमुळें धंद्यांतूनही ते निवृत्त झाले. मधुमेह, क्षीण दृष्टि, थरथरणारे हात आणि कोठारांतील गठ्ठे, एवढेंच उरलें.

आणि नेमकी तेव्हांच लोकांना त्यांची ओळख होऊं लागली. हेन्री कॉवेल ह्या तरुण संगीतकारानें आपल्या त्रैमासिकांत त्यांच्या रचना छापल्या. निकोलस स्लोनिम्स्की यांनीं 1931 मध्यें न्यूयॉर्क व पॅरिस येथें ‘न्यू इंग्लंडमधील तीन स्थळें’ ही मालिका वाजविली. जॉन कर्कपॅट्रिक या पियानोवादकानें ‘काँकर्ड सोनाटा’ हातीं घेतला, त्यावर सुमारें दहा वर्षें मेहनत केली, आणि जानेवारी 1939 मध्यें न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें तो सबंध वाजविला. एका मोठ्या टीकाकारानें त्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली. 1946 मध्यें तिसरी सिंफनी प्रथम वाजली, आणि 1947 मध्यें तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. लिहून सुमारें पस्तीस वर्षें झालेल्या कृतीला हें बक्षीस! आइव्ज यांनीं बक्षिसें लहान मुलांसाठीं असतात अशा अर्थाचें कांहीं सांगून रक्कम वांटून टाकली. ज्या तरुण संगीतकारांना पैशाची अडचण असे त्यांना ते पूर्वींपासूनच गुप्तपणें मदत करीत. नव्या संगीताच्या कित्येक जलशांचा खर्च कोणी केला हें श्रोत्यांना कळतच नसे.

1951 च्या फेब्रुवारींत लिओनार्ड बर्नस्टाइन यांनीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें दुसरी सिंफनी प्रथम वाजविली. वृद्ध आइव्ज गेले नाहींत. त्यांनीं ती पुढें रेडिओवर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून ऐकली. ऐकून झाल्यावर त्यांनीं काय केलें? कोणी सांगतात, आनंदानें दोन पावलें नाचले. दुसरे सांगतात, कांहीं न बोलतां शेकोटींत थुंकून उठून गेले. एका खोलींतल्या प्रसंगाच्या दोन हकीकती! ता. 19 मे 1954 रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्यांचें न्यूयॉर्क येथें निधन झालें, आणि डॅनबरीच्या वूस्टर दफनभूमींत त्यांना ठेवण्यांत आलें.

दुसऱ्याच वर्षीं हार्मनीबाईंनीं सर्व हस्तलिखितें येल विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयास दिलीं. कर्कपॅट्रिक यांनीं तो ढीग पानापानानें लावला आणि 1960 मध्यें त्याची यादी प्रसिद्ध केली. कोणत्या पानापुढें कोणतें पान, हें ठरवितांना त्यांना समासांतील पत्ते आणि टेलिफोनचे नंबरही उपयोगी पडले. त्या यादीच्या आधारानें चौथी सिंफनी, उपन्यास, चरित्रें, सगळें पुढें आलें. चौथी सिंफनी 1965 मध्यें प्रथम पूर्ण वाजली तेव्हां मुख्य संचालक स्टोकोव्स्की यांच्या जोडीला दोन सहायक संचालक घ्यावे लागले.

ह्या चरित्रांतून एक समजूत दृढ झाली ती अशी : युरोपांत शेनबर्ग आणि स्ट्राविन्स्की यांनीं ज्या नव्या वाटा पाडल्या, त्या ह्या विमावाल्यानें त्यांच्या आधीं, कोणाचें कांहीं न ऐकतां, एकट्यानें पाडल्या होत्या. ही समजूत सर्वस्वीं हस्तलिखितांवरील व आइव्ज यांच्या याद्यांतील तारखांवर उभी होती. 1930 च्या सुमारास टीकाकार त्यांच्यावर युरोपियनांचें अनुकरण केल्याचा आरोप करूं लागले, तेव्हां चिडून त्यांनीं आपल्या आठवणी लिहवून घेतल्या आणि रचनांचीं वर्षें नमूद केलीं. पण त्यांना लहानपणापासून ओळखणारे संगीतकार एलियट कार्टर यांना एक गोष्ट आठवत होती. वृद्ध आइव्ज जुनी रचना पुढ्यांत घेऊन तिच्यांतील साध्या जोडस्वरांच्या जागीं कर्कश स्वर घालीत बसलेले त्यांनीं स्वतः पाहिले होते. मग ती रचना नक्की कोणत्या सालची?

1987 सालीं मेनर्ड सॉलोमन यांनीं हा प्रश्न उघड मांडला. हे सॉलोमन कोणी उथळ टीकाकार नव्हेत. बेथोवेनचें मोठें चरित्र त्यांनींच लिहिलें आहे. अमेरिकन संगीतशास्त्र परिषदेच्या नियतकालिकांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, आइव्ज यांच्या तारखा अनेक ठिकाणीं एकमेकांशीं जुळत नाहींत, कांहीं बदललेल्या आहेत, आणि त्या सर्वांचा कल एकाच बाजूला, म्हणजे काळ मागें ढकलण्याकडे, दिसतो. सरळ शब्दांत सांगावयाचें तर, ज्या माणसानें प्रामाणिकपणाखातर संगीत विकलें नाहीं त्यानें मोठेपणासाठीं तारखा खोट्या घातल्या, असा हा आरोप होता. उत्तर देण्यास आरोपी हयात नव्हता.

आइव्ज यांच्या चाहत्यांना राग आला. पण रागानें तारीख सिद्ध होत नाहीं. काम केलें तें कागदानें. कॅरोल बॅरन यांनीं 1990 मध्यें हस्ताक्षरांचा अभ्यास पुढें आणला. त्यानंतर गेल शेरवुड यांनीं 1995 च्या आपल्या प्रबंधांत हजारों पानें तपासलीं. त्यांची रीत समजण्यास सोपी आहे. स्वरलेखनाचा आंखीव कागद कारखान्यांतून येतो. कारखाना वेळोवेळीं छाप, आंखणी, आकार बदलतो. एखादा कागद अमुक वर्षापूर्वीं बाजारांत नव्हताच असें ठरलें, तर त्यावरील लेखन त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. शिवाय माणसाचें अक्षर वयाबरोबर बदलतें. ज्यांची तारीख निर्विवाद आहे अशीं पत्रें शेजारीं ठेवलीं कीं तुलना करतां येते. शिक्षकाला ही रीत अगदींच नवी नाहीं. सुट्टींतील रोजनिशी शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीं एका बैठकींत उतरून काढली, तर वर तीस निरनिराळ्या तारखा घातल्या तरी शाई आणि अक्षर सारी कथा सांगतात. माझ्या वर्गांतील कांहीं चिरंजीवांना याचा अनुभव आहे.

निष्कर्ष कोणत्याच पक्षाला पुरता सोयीचा निघाला नाहीं. पुष्कळ रचनांच्या बाबतींत आइव्ज यांनीं दिलेलीं वर्षें कागदाशीं चांगलीं जुळलीं. म्हणजे पद्धतशीर लबाडीचा आरोप टिकला नाहीं. कांहीं रचना मात्र त्यांनीं सांगितल्यापेक्षां नंतरच्या ठरल्या. सदुसष्टाव्या स्तोत्राची त्यांची रचना, जिच्यांत स्त्रिया एका पट्टींत व पुरुष दुसऱ्या पट्टींत गातात, ती त्यांनीं 1894 ची म्हणून सांगितली होती. संशोधक ती कांहीं वर्षें नंतरची मानतात. 1894 हें वडिलांच्या मृत्यूचें वर्ष आहे, हें ध्यानांत घ्या. ऑर्गनच्या त्या बालरचनेंतील दोन पट्ट्यांचे तुकडेही बहुधा सुमारें 1909–10 मध्यें घातलेले. ‘अनुत्तरित प्रश्न’ नांवाची त्यांची फार प्रसिद्ध कृति आहे. तिच्यांत तंतुवाद्यें अत्यंत हळू, शांत सुरांत चालूं असतात, एकटी तुतारी पुन्हां पुन्हां तोच प्रश्न विचारते, आणि बासऱ्या उत्तर देतां देतां गोंधळून जातात. ती 1908 च्या सुमाराची खरी, पण 1930 नंतर तिच्यावर पुन्हां हात फिरला आहे. एकूण असें दिसतें कीं, आइव्ज यांच्या लेखीं रचना कधीं पुरी होतच नसे. पहिली कल्पना सुचली तें वर्ष ते सांगत, आणि त्यानंतर वीसतीस वर्षें पान दुरुस्त करीत राहत.

मला स्वतःला वाटतें, कांहीं तारखा त्यांनीं मनाच्या ओढीनें मागें नेल्या असाव्यात. डॅनबरीनें ज्याला पेढींत कारकुनी करावयास लावली त्या माणसाच्या शिकवणींतूनच हें सर्व आलें, असें त्यांना जगाला सांगावयाचें होतें. ती गोष्ट बव्हंशीं खरी होती. पण खऱ्या गोष्टीलाही खोट्या तारखेचा टेकू दिला कीं सगळीच गोष्ट संशयांत सांपडते, आणि एका मृत माणसाचा शब्द राखण्यासाठीं परक्यांना कागदांच्या कडा मोजीत बसावें लागतें.

1999 मध्यें जेम्स सिंक्लेअर यांची नवी सविस्तर यादी निघाली. तिच्यांत एकेका रचनेपुढें एक साल नसून अनेकदां दोनतीन सालें दिलेलीं असतात. दुसऱ्या सिंफनीचेंच पाहा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील ती कृति सर्वत्र गोड, स्तोत्रांनीं आणि बँडच्या चालींनीं भरलेली, पार्करांच्याही पसंतीस उतरावी अशी. पण अगदीं शेवटीं, विजयाची चाल संपतां संपतां, सगळा वाद्यवृंद एकदम एक भयंकर बेसूर आरोळी ठोकतो. पुष्कळ वर्षें लोक तिला तरुण आइव्जची खोडी समजत होते. हस्तलिखितें सांगतात कीं मूळ शेवट साधाच होता. ती आरोळी पंचाहत्तरीच्या आसपासच्या वृद्धानें, पहिल्या प्रयोगाच्या थोडेंच आधीं, थरथरत्या हातानें घातली. आणि वाद्यवृंद ती सिंफनी आजही त्याच आरोळीनें संपवितात.